पाचाहून कमी

कुओपिओच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर,
माझ्या टेबलाजवळ खिडकी नाही.
नियम असा, की आकडा पाचाहून कमी असला
तर तो छापायचा नाही,
त्याच्या जागी एक चांदणी ठेवायची.
अठरा वर्षं मी चांदण्या ठेवते आहे.

नियम वाईट नाही.
वर, इनारीच्या तळ्याकाठी, एखादं गाव असतं
अडीचशे माणसांचं, एका दुकानाचं.
तिथं नुसता ‘एक’ लिहिला
तरी दुकानाच्या दारात सगळ्यांना ठाऊक होतं
तो एक कोणाच्या घरातला.
म्हणून चांदणी. म्हणजे पडदा.
पडद्याआड जो रडतो, पडदा त्याच्याच मालकीचा,
असं मी समजून चालले होते.

मग बिरित माट्टुसचं पत्र आलं,
पेन्सिलीनं लिहिलेलं.

लेकीला लस दिली, तिच्या आठव्या रात्री ताप.
मग डोळे वर गेले, अंग ताठ.
बाहेर उणे एकतीस. दवाखाना ऐंशी किलोमीटर.
नवऱ्यानं तिला रेनडियरच्या कातड्यात गुंडाळलं,
स्लेजमध्ये माझ्या मांडीवर दिलं,
आणि तळं गोठलेलं होतं म्हणून आम्ही तळ्यावरून गेलो.
आता ती बरी आहे. दात पडलाय.
धाकट्यालाही लस देणार आहोत, गैरसमज नसावा.
नर्सनं फॉर्म भरला तेव्हा मी समोर होते.
तुमचा अहवाल वाचला, एकशे बेचाळीस पानं.
आमची रात्र कोणत्या पानावर आहे?

पान सत्त्याण्णव. ओळ अकरा.
चांदणी.

त्या संध्याकाळी मी घरी गेले नाही.
मूळ नोंदी उघडल्या, एकेक चांदणी खरवडली.
खाली दोन. खाली तीन. खाली एक. खाली चार.
बेरीज तेवीस,
नव्वद हजार पोरांमागे तेवीस.
पुस्तकात जेवढे सांगितलेत तेवढेच,
ना जास्त, ना उणे.
एकूणच्या रकान्यात मात्र नुसती रेघ होती.
ती कोणी मारली, विचारलं.
कोणीच नाही. गेल्या वर्षीही होती, म्हणाले,
त्याच्या आधीही.
लपवण्यासारखं काही नव्हतं
आणि तेच आम्ही इतकी वर्षं जपून लपवलं.

बुधवारी संसदेची समिती बसली.
लांब टेबल, कॉफीचा थर्मास, दालचिनीचे पाव.
बाई केटोलांनी चष्मा काढून विचारलं,
ही रेघ कशाची?
आमचे राउनिओ म्हणाले, लोक बिथरतात,
आकडा एकदा बाहेर पडला की त्याला पाय फुटतात,
झाकलेली मूठ बरी.

मी टेबलाखाली हाताची मूठ वळून पाहिली.
पाचही बोटं मिटली, तर मूठ.
चार मिटून होत नाही,
कुठंतरी फट राहतेच
आणि फटीतून लोक आत बघतात,
आणि अंधारात जे दिसत नाही
त्याला शिंगं लावतात.

हे मी बोलले नाही.
मला विचारलं तेवढंच सांगितलं: तेवीस.
खोलीत कोणी बिथरलं नाही.
कोणीतरी पाव पुढं सरकवला.
केटोलांनी तो आकडा हातानं लिहून घेतला,
खाली दोनदा रेघ ओढली.
निर्णय वसंतात, म्हणाले.

वसंत इथं मे महिन्यात येतो, आला तर.

तोवर मी एक कागद घेतला, पेन्सिल घेतली.
बिरित, पान सत्त्याण्णव, ओळ अकरा.
तिथं चांदणी आहे, राहीलही,
ती तुमच्या दारावरची कडी आहे, मी काढणार नाही.
पण तिच्याखाली तुमची रात्र आहे,
तळं, कातडं, ऐंशी किलोमीटर.
मी वाचली. मोजली.
एकूण तेविसात ती आहे.

असं उत्तर पाठवायला वरची परवानगी लागते.
पाकिटावर तिकीट लावलंय.
परवानगी मागितलेली नाही.